छावणीकडे परतण्याची वाट

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीच्या वर्गात अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीविषयी सांगत होतो. नेहरू, टिटो, नासर अशी तीन नावे फळ्यावर लिहिली आणि सवयीने बोलून गेलो, "नासर म्हणजे इजिप्तचे पहिले अध्यक्ष." हे वाक्य मी इतकी वर्षे सांगत आलो आहे की ते उच्चारताना मला विचार करावा लागत नाही. तेवढ्यात मागल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, पहिले नव्हेत, दुसरे. पहिले कोणी नगीब म्हणून होते." वर्ग हसला. "बघून सांगतो" असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि घंटा झाली तेव्हा हायसे वाटले.

घरी येऊन पुस्तके काढली. मुलीचे खरे होते. 18 जून 1953 रोजी इजिप्तमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले, तेव्हा अध्यक्षपदी आला तो जनरल महंमद नगीब. नासर त्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान व गृहमंत्री होता. तो अध्यक्ष झाला 1956 साली. चूक कबूल करणे काही अवघड नव्हते. दुसऱ्या दिवशी मी ती वर्गात कबूल केलीही. परंतु पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की ही चूक माझी एकट्याची नव्हे. खुद्द इजिप्तमधल्या मुलांनाही कित्येक वर्षे हेच शिकवले जात होते. तिथल्या पाठ्यपुस्तकांतून नगीबचे नाव काढून टाकले होते. कैरोमध्ये पुसलेले एक नाव आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या फळ्यावरूनही पुसले गेले होते, आणि पुसणारा हात माझा होता. ही टोचणी काही केल्या जाईना. म्हणून हा लेख.

नासर हा आमच्या घरातला जुना माणूस. माझे आजोबा टपालखात्यात होते. 1956 साली नासरने सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला आणि इंग्रज-फ्रेंचांच्या फौजा अंगावर आल्या तरी तो डगमगला नाही, याचा आजोबांना कोण अभिमान! वर्तमानपत्रातले त्याचे चित्र कापून त्यांनी चौकटीत बसवले होते आणि ते माजघरात नेहरूंच्या तसबिरीशेजारी होते. "पोस्टातल्या माणसाचा मुलगा आहे तो," असे ते आल्यागेल्याला सांगत, जणू त्यांच्याच खात्यातली बढती होती ती. आणि ते खरेही होते. गमाल अब्देल नासरचा बाप टपालखात्यात नोकरीला होता. मूळ गाव वरच्या इजिप्तमधले बनी मुर्र. पण नासर जन्मला अलेक्झांड्रियात, 15 जानेवारी 1918 रोजी. बापाच्या बदल्यांमुळे मुलाच्या शाळा बदलत राहिल्या. आठ वर्षांचा असताना तो कैरोला काकाकडे शिकायला होता. तेवढ्यात इकडे आई वारली आणि ते त्याला सुटीत घरी गेल्यावर कळले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असा नायक शोधून सापडत नाही.

त्याच्या पिढीचा देश तरी कसा होता? नावाला स्वतंत्र, नावाला राजा, नावाला लोकसभा. कालव्यावर मात्र इंग्रजांची फौज. 1935 च्या नोव्हेंबरात कैरोच्या विद्यार्थ्यांच्या मोर्चात हा सतरा वर्षांचा मुलगा पुढे होता. एक गोळी कपाळाला चाटून गेली. पुढच्या वर्षी इंग्रजांशी तह झाला, इजिप्तचे सैन्य वाढवायचे ठरले आणि आजवर पाशांच्या व जमीनदारांच्या मुलांसाठी असलेले लष्करी विद्यालय मध्यमवर्गाच्या मुलांना खुले झाले. नासरचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण वशिला नव्हता. दुसऱ्या खेपेस युद्धखात्यातल्या एका वरिष्ठाची गाठ घेऊन त्याने प्रवेश मिळवला आणि 1938 साली तो अधिकारी होऊन बाहेर पडला. अन्वर सादात, अब्दुल हकीम आमेर, खालिद मोहिउद्दीन हे सारे याच सुमाराला उघडलेल्या दारातून आत आलेले. कारकुनांचे, लहान शेतकऱ्यांचे मुलगे हाती शस्त्र घेऊन एका पंगतीला बसले. पुढच्या क्रांतीचे बी इथेच पडले.

त्या बीला दोन अपमानांनी पाणी घातले. पहिला 4 फेब्रुवारी 1942 चा. ब्रिटिश राजदूत माईल्स लॅम्पसन याने अबदीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घातला आणि आपल्याला हवा तो पंतप्रधान नेम, नाहीतर गादी सोड, असे फरूक राजाला बजावले. राजा नमला. त्या वेळी ज्या अधिकाऱ्याने शरमेने आपला राजीनामा पाठवला तो महंमद नगीब. राजाचे रक्षण करता आले नाही, तर हा गणवेश कशाला, अशी त्याची भावना होती. राजीनामा स्वीकारला गेला नाही. पण तरुण अधिकाऱ्यांनी ते नाव ध्यानात ठेवले.

दुसरा अपमान 1948 च्या पॅलेस्टाईनच्या युद्धाचा. सैन्याजवळ ना धड तयारी, ना धड दारूगोळा. नासर त्या युद्धात छातीत गोळी लागून जखमी झाला आणि बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला. ऑक्टोबर 1948 पासून फेब्रुवारी 1949 पर्यंत त्याची पलटण फालुजाच्या वेढ्यात अडकून पडली होती. त्या पलटणीने शरणागती पत्करली नाही. तिथे खंदकात बसून या तरुणांना वाटू लागले, की आपला खरा वेढा कैरोत आहे. परतल्यावर 1949 साली 'स्वतंत्र अधिकारी' या नावाची गुप्त संघटना उभी राहिली. तिचा सूत्रधार नासर.

सूत्रधाराला एक अडचण होती. तो तिशीतला साधा कर्नल. लोकांत त्याला कोणी ओळखत नव्हते. म्हणून दर्शनी चेहरा हवा होता. तो मिळाला नगीबच्या रूपाने. नगीब पन्नाशीचा, खार्टुममध्ये जन्मलेला, कायद्याची पदवी घेतलेला, 1948 च्या युद्धात जखमी झालेला, सैनिकांत मिसळणारा, तोंडात पाइप धरून मंद हसणारा. 1952 च्या आरंभी अधिकाऱ्यांच्या क्लबाची निवडणूक झाली, तीत राजाचा माणूस मागे पडून नगीब अध्यक्ष झाला. त्याच जानेवारीत इस्माइलियाला इंग्रज फौजेने पन्नासच्या आसपास इजिप्शियन पोलीस मारले आणि दुसऱ्या दिवशी, 26 तारखेला, कैरो पेटले. दारूचे गुत्ते, सिनेमागृहे, प्रसिद्ध शेफर्ड हॉटेल, सर्व जळून गेले. राज्य कोणाच्याच हाती उरले नव्हते. रस्त्यात पडलेली वस्तू उचलावी तसे ते उचलणे तेवढे बाकी होते.

22 जुलै 1952 च्या रात्री ते उचलले गेले. त्या रात्रीच्या गमतीही पुष्कळ आहेत. युसुफ सिद्दीक नावाचा अधिकारी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच आपली तुकडी घेऊन निघाला, आणि त्या चुकीमुळेच बेत सावध झालेल्या सेनापतींच्या हातून वाचला. सादात बायकोला घेऊन सिनेमाला गेला होता. परतल्यावर चिठ्ठी मिळाली तेव्हा धावत सुटला. पण सकाळी कैरो रेडिओवरून घोषणा वाचली ती त्यानेच, आणि ती होती नगीबच्या नावाची. तीन दिवसांनी, 26 जुलैला, फरूक आपल्या 'महरूसा' बोटीवर चढून देश सोडून गेला. त्याला एकवीस तोफांची सलामी देण्यात आली आणि निरोप द्यायला नगीब बंदरावर गेला. राजाला फाशी देऊ नये, नुसते घालवावे, या मताचे नगीब आणि नासर दोघेही होते.

राजा गेला, पण राजेपण लगेच गेले नाही. फरूकचा सहा महिन्यांचा मुलगा राजा ठरला आणि त्याच्या नावाने अधिकाऱ्यांचे मंडळ कारभार पाहू लागले. हे वाचताना मराठी माणसाला बारभाई आठवल्याखेरीज राहणार नाहीत. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रे, आणि कारभार नाना-बापूंचा! फरक इतकाच, की कैरोच्या बारभाईंपाशी दोन बाहुल्या होत्या. एक पाळण्यातला राजा, आणि दुसरा, असे त्यांना वाटत होते, तो हसरा जनरल.

पहिल्या काही महिन्यांत या लोकांनी जे केले त्याला नावे ठेवता येणार नाहीत. सप्टेंबर 1952 मध्ये जमिनीची कमाल मर्यादा दोनशे फेद्दान ठरली. पाशा-बे या पदव्या गेल्या. पण त्याच सप्टेंबरात दुसरी एक गोष्ट घडली, तीही सांगितली पाहिजे. कफ्र अल् दव्वार येथील कापडगिरणीत ऑगस्टमध्ये संप झाला होता. संपवाल्यांच्या घोषणांत नगीबचा जयजयकार होता. तरी लष्करी न्यायालय बसले आणि मुस्तफा खमिस व महंमद अल् बकरी या दोघा कामगारांना 7 सप्टेंबरला फाशी देण्यात आले. त्या शिक्षेवर मान्यतेची सही नगीबची. तेव्हा नगीब म्हणजे देवमाणूस आणि नासर म्हणजे खलपुरुष, असा नाटकी हिशेब मला मांडायचा नाही. हात दोघांचेही माखलेले होते.

जानेवारी 1953 मध्ये पक्ष बरखास्त झाले आणि तीन वर्षांचा 'संक्रमणकाळ' जाहीर झाला. तात्पुरती व्यवस्था! या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. दरवर्षी जूनमध्ये, निवडणूक होईतो चार दिवसांसाठी म्हणून, मी वर्गात एखादा दांडगा मुलगा मॉनिटर नेमतो. वर्ग शांत राहतो, खडू-फडके जागच्या जागी सापडते. मग निवडणूक आज-उद्या करता करता राहून जाते. मुलेही ती मागत नाहीत. वर्ष संपते.

प्रजासत्ताक झाले त्याच दिवशी, 18 जून 1953 रोजी, आणखी एक नेमणूक झाली. नासरचा जिवलग मित्र अब्दुल हकीम आमेर हा मेजर होता. त्याला एकदम मेजर जनरल करून सरसेनापती नेमण्यात आले. नगीबचा याला विरोध होता. कायदा शिकलेला तो जुना शिपाईगडी. मधल्या पायऱ्या गाळून सेनापती होत नसतो, हे त्याला कळत होते. पण नासरला रणांगणावरचा सेनापती नको होता, सैन्याच्या किल्ल्या सांभाळणारा विश्वासू हवा होता. अध्यक्षाच्या खुर्चीवर नगीब बसला खरा. त्या खुर्चीचे पाय त्याच दिवशी कापले गेले.

लष्करी अधिकारी एका रात्रीत अध्यक्ष होतो अशी आपली समजूत असते. मीही मुलांना तसेच सांगत असे. पण नासरच्या अध्यक्षपदाचा निकाल 1952 च्या जुलैत लागला नाही; तो लागला 1954 च्या मार्चमध्ये. नगीबला आता नुसती सही करण्याचा कंटाळा आला होता. त्याला खरा अधिकार हवा होता, आणि पक्ष, लोकसभा, घटना हे सारे परत आणून सैन्याने छावणीत जावे असे तो म्हणू लागला होता. यात त्याचा स्वार्थ नव्हता असे नाही. मंडळात त्याला मत नव्हते, लोकांत होते. तेव्हा लोकांकडे जाणे त्याच्या सोयीचेच होते. तरीही म्हणणे बरोबर होते.

25 फेब्रुवारीला मंडळाने नगीबचा राजीनामा जाहीर केला. लगेच घोडदळाचे अधिकारी खालिद मोहिउद्दीनच्या मागे उभे राहिले, रस्ते नगीबच्या नावाने दुमदुमले, आणि दोन दिवसांत त्याला परत आणावे लागले. नासरने ही हार मुकाट्याने गिळली. 25 मार्चला तर मंडळाने जाहीर केले, की पक्षांना मोकळीक, आणि 24 जुलैला मंडळाचे विसर्जन. छावणीकडे परतण्याची वाट उघडी झाली.

ती चार दिवस उघडी होती. मार्च संपता संपता कैरोच्या वाहतूक कामगारांनी संप पुकारला. बस बंद, ट्राम बंद. मागणी मजुरीची नव्हती. मंडळ राहिलेच पाहिजे, पक्ष नकोत, निवडणुका नकोत, ही मागणी होती! लोकशाही मुर्दाबादच्या आरोळ्या ठोकीत जमाव शहरभर फिरला. 29 मार्चला तो राज्यपरिषदेच्या कचेरीत शिरला आणि तिथे अब्दुल रझ्झाक सनहुरी या वृद्ध न्यायशास्त्रज्ञाला मारहाण झाली. ज्याने इजिप्तची दिवाणी कायद्याची संहिता लिहिली, तोच रक्तबंबाळ झाला. त्याच दिवशी सर्व निर्णय पुढे ढकलण्यात आले. या संपासाठी कामगारपुढाऱ्यांना पैसे चारण्यात आले होते. खालिद मोहिउद्दीनने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की चार हजार पौंड खर्च आला असे खुद्द नासरनेच त्याला सांगितले.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आजोबांच्या चौकटीतला माणूस, ज्याने स्वतःसाठी पैसा साठवला नाही, ज्याचे राहणे अखेरपर्यंत साधे होते, तो लोकशाही चार हजार पौंडांना विकत घेऊन मोडतो! पण त्याहून दुःखाची गोष्ट निराळीच आहे. पैसे मिळाले ते पुढाऱ्यांना. रस्त्यावर ओरडणारे सगळेच काही पैशाने ओरडत नव्हते. जुने पक्ष म्हणजे पुन्हा पाशा, पुन्हा जमीनदार, पुन्हा इंग्रजांची मर्जी, असे त्यांना मनापासून वाटत होते. आणि त्यांचा अनुभव तसाच होता. ज्या लोकशाहीने त्यांना कधी काही दिले नव्हते, तिच्यासाठी त्यांनी का रडावे? हुकूमशहाला वाट करून देणारे लोक मूर्ख असतात असे आपण समजतो. ते मूर्ख नसतात, फसवले गेलेले असतात, आणि बहुधा आधीच्यांनी फसवलेले असतात.

पुढचे सर्व उतारावरचे. एप्रिलमध्ये नासर पंतप्रधान झाला. ऑक्टोबरात इंग्रजांनी फौजा काढून नेण्याचा करार केला. 26 ऑक्टोबरला अलेक्झांड्रियाच्या मंशिया चौकात तो भाषण करीत असताना मुस्लिम ब्रदरहुडच्या एका माणसाने त्याच्यावर आठ गोळ्या झाडल्या. एकही लागली नाही. तो जागचा हलला नाही, भाषण थांबवले नाही. उलट मी मेलो तरी तुम्ही प्रत्येक जण नासर आहात, अशा अर्थाचे काही तो बोलला. लोक वेडे झाले. धरपकड झाली, डिसेंबरात सहा जण फासावर गेले. मध्येच 14 नोव्हेंबरला, या कटाशी संबंध जोडून, नगीबला अध्यक्षपदावरून काढण्यात आले आणि कैरोबाहेर अल् मर्ग येथील एका घरात नजरकैदेत ठेवले. खुर्ची दीड वर्ष रिकामी राहिली. 23 जून 1956 रोजी सार्वमत झाले. उमेदवार एक, मते शंभरात नव्व्याण्णवांहून अधिक. तीन वर्षांचा संक्रमणकाळ असा संपला. महिनाभरात त्याने कालवा घेतला, आणि आजोबांनी कात्री.

नासरने देशाला पुष्कळ दिले. कालवा दिला, अस्वानचे प्रचंड धरण दिले, गरिबाच्या मुलाला फुकट शिक्षण दिले आणि साऱ्या अरबांना मान ताठ करायला शिकवले. पण ज्या घरात कोणी विचारणारा उरत नाही त्या घराचे काय होते, तेही त्याच्याच कारकीर्दीत दिसले. 5 जून 1967 च्या सकाळी काही तासांत इजिप्तची बहुतेक लढाऊ विमाने धावपट्टीवर उभी असतानाच जळाली. सरसेनापती त्या वेळी विमानाने सिनाईकडे निघाला होता, आणि परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने सरसकट माघारीचा हुकूम दिला. सरसेनापती कोण? 18 जून 1953 रोजी एका दिवसात मेजरचा मेजर जनरल झालेला आमेर. चौदा वर्षे त्याला हलवण्याची छाती खुद्द नासरलाही झाली नव्हती. नगीबचा तो विरोध वाळूत गाडलेल्या हजारो शिपायांना कळला असता, तर त्यांनी काय म्हटले असते?

9 जूनला नासरने राजीनामा दिला आणि लोक रडत रस्त्यावर आले. त्याला जाऊ दिले नाही. या वेळी कोणी पैसे वाटले नव्हते, असे मी मानतो. 28 सप्टेंबर 1970 रोजी हृदयविकाराने तो गेला, तेव्हा वय अवघे बावन्न. लाखोंच्या गर्दीत त्याची अंत्ययात्रा निघाली. नगीब त्या वेळीही अल् मर्गच्या घरात कुत्र्या-मांजरांच्या सोबतीने दिवस काढत होता. 1971 साली सादातने त्याला मोकळे केले. 1984 मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याच्या आठवणींचे पुस्तक निघाले. आपण इजिप्तचे अध्यक्ष होतो, एवढेच त्याच्या नावातून त्याला सांगायचे होते.

आणि छावणीकडे परतण्याची ती वाट? नासरनंतर सादात, सादातनंतर मुबारक, सर्व लष्करातले. 2011 साली लोकांनी मुबारकला घालवले, 2012 साली मोर्सी हा निवडून आलेला मुलकी अध्यक्ष झाला आणि एका वर्षाने, 3 जुलै 2013 रोजी, सरसेनापती सिसीने त्याला दूर केले. त्याही वेळी रस्त्यावर प्रचंड जमाव होता आणि तो सैन्याचा जयजयकार करीत होता. 2014 मध्ये सिसी अध्यक्ष झाला. मार्च 1954 अजून संपलेला नाही, असे कधी कधी वाटते.

आता नगीबचे नाव कोणी पुसत नाही. कैरोच्या भुयारी रेल्वेचे एक स्थानक त्याच्या नावाचे आहे. जुलै 2017 मध्ये तर इजिप्तने वायव्येकडे एक विशाल लष्करी तळ उभारला आणि त्याला नाव दिले महंमद नगीबचे. सैन्याने छावणीत परतावे म्हणणारा माणूस अखेर छावणीत परतला. पण एकटाच, आणि पाटीवर.

आजोबांची ती चौकट मी काढलेली नाही. पोस्टातल्या माणसाच्या मुलावरचे त्यांचे प्रेम खोटे नव्हते, आणि माझेही नाही. पण यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गात मॉनिटरची निवडणूक घेतली. मागल्या बाकावरची ती मुलगी आता दहावीत आहे. ती उभी होती आणि सात मतांनी पडली. निवडून आलेल्या मुलाला वर्ग आवरत नाही; रोज गोंधळ असतो. शेजारच्या वर्गावरचे शिक्षक येऊन कुरकुर करतात. मी म्हणतो, असू द्या.